नदीकाठ, रेल्वे आणि आश्रम : पवनार–सेवाग्राम परिसरातील लोकजीवनाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

मानवी वस्तीचा इतिहास हा बऱ्याच अंशी पाण्याचा इतिहास आहे. महाराष्ट्रातील नदीकाठच्या लहान गावांचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रथम कोकणाकडे जाते, आणि ते स्वाभाविक आहे. वाशिष्ठीच्या मुखावरील दाभोळ, सावित्रीच्या मुखावरील बाणकोट, अर्जुना नदीकाठचे राजापूर या गावांचे जीवन खाडी आणि समुद्र यांच्या संगमावर घडले. भरती-ओहोटीच्या वेळा, गलबतांची ये-जा आणि खाडीतील मासेमारी यांनी तेथील दिनक्रम ठरविला. खाडीत गाळ साचला, वाहतुकीची साधने बदलली, आणि या बंदरांचे वैभव ओसरले. परंतु समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या विदर्भातही नदीकाठच्या गावांनी अशाच प्रकारचे चढउतार अनुभवले आहेत. तेथे भरती-ओहोटीची जागा पावसाळा आणि उन्हाळा यांनी घेतलेली असते, एवढाच फरक.

वर्धा जिल्ह्यातील धाम नदीच्या काठचे पवनार आणि त्याच्या जवळच वसलेले सेवाग्राम ही दोन गावे या दृष्टीने लक्षणीय आहेत. पवनार हे प्राचीन नदीकाठचे नगर. सेवाग्राम हे विसाव्या शतकापर्यंत इतिहासाला जवळजवळ अपरिचित असलेले खेडे. १९३० च्या दशकात या दोन्ही गावांना राष्ट्रीय चळवळीमुळे नवे स्थान मिळाले. या गावांविषयीचे बहुतेक लेखन महात्मा गांधी आणि आचार्य विनोबा भावे यांच्या चरित्रांच्या अंगाने झाले आहे. त्यामुळे ज्या लोकजीवनाच्या मध्यभागी हे आश्रम उभे राहिले, ते लोकजीवन पार्श्वभूमीपुरते उरले. प्रस्तुत शोधनिबंधात हा क्रम बदलून, गावाच्या बाजूने आश्रमाकडे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) धाम नदीकाठच्या वस्तीच्या ऐतिहासिक स्थित्यंतरांचा आढावा घेणे.
२) नदी, शेती आणि पाणवठा यांवर आधारलेल्या स्थानिक जीवनपद्धतीचे स्वरूप समजून घेणे.
३) आश्रमीय जीवनपद्धती आणि ग्रामजीवन यांतील साम्य व ताण यांचा शोध घेणे.
४) स्वातंत्र्योत्तर काळात या जीवनपद्धतीत झालेल्या बदलांचे मूल्यमापन करणे.

प्रकाशित साधनांच्या आधारे ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीने हा अभ्यास केला असून, त्याची व्याप्ती पवनार, सेवाग्राम व वर्धा या परिसरापुरती मर्यादित आहे.

धामकाठचे पवनार : राजधानी ते कसबा

धाम ही लांबरुंद नदी नव्हे. ती पुढे वेणेच्या प्रवाहात मिसळते, वेणा वर्धेला मिळते आणि हे पाणी अखेर प्राणहिता-गोदावरीच्या मार्गाने पूर्व समुद्रास जाते. पवनार येथे नदीचे पात्र खडकाळ आहे आणि काठ उंच आहे. पुरापासून सुरक्षित असा उंचवटा आणि जवळच पाणी, ही प्राचीन वस्तीला लागणारी दोन्ही अनुकूलता येथे एकत्र आढळते.

नागपूर विद्यापीठाच्या वतीने १९६७ मध्ये डॉ. शां. भा. देव आणि डॉ. म. के. ढवळीकर यांनी पवनार येथे उत्खनन केले. त्यातून सातवाहन, वाकाटक आणि त्यानंतरच्या काळातील वस्तीचे पुरावे प्रकाशात आले. म. म. वा. वि. मिराशी यांनी तत्पूर्वीच पवनार म्हणजे वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर होय, असे प्रतिपादन केले होते. पवनार येथे सापडलेल्या शिल्पांचा संबंध त्यांनी रामकथेशी जोडला. महाराष्ट्री प्राकृतातील ‘सेतुबंध’ या काव्याचे कर्तृत्व याच प्रवरसेनाकडे दिले जाते. रामटेकजवळील मनसर येथे नंतरच्या काळात झालेल्या उत्खननांमुळे प्रवरपूर मनसर येथे असावे, असे मत काही अभ्यासकांनी मांडले असून हा प्रश्न पुन्हा चर्चेत आला आहे. राजधानीचा निर्णय कोणत्याही बाजूने लागो. पवनार हे वाकाटककाळात महत्त्वाचे केंद्र होते, हे तेथील शिल्पांवरून स्पष्ट होते.

मध्ययुगातही हे महत्त्व सर्वस्वी लोपले नाही. ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातील सरकारांमध्ये पवनारचा समावेश आहे. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस हे गाव एका प्रशासकीय विभागाचे मुख्य ठाणे म्हणून ओळखले जात होते. लोकस्मृतीत मात्र सुभे आणि सरकारे टिकली नाहीत. टिकला तो पवन राजा. या राजाजवळ परीस होता, तो शेतकऱ्यांकडून साऱ्याऐवजी नांगराचे फाळ घेई आणि परिसाच्या स्पर्शाने त्यांचे सोने करी, अशी कथा या भागात सांगितली जाते. या कथेला ऐतिहासिक पुरावा नाही. परंतु तिच्यातील अपेक्षा बोलकी आहे. शेतकऱ्याच्या हातचे लोखंडच सोने होते आणि त्याच्याकडे रोकड मागितली जात नाही, अशा राज्याचे स्वप्न ज्या समाजाने जपले, त्याला साऱ्याचा जाच किती परिचित असेल, याची कल्पना करता येते.

नदीकाठचे ऋतुचक्र आणि लोकजीवन :

वर्धा जिल्ह्यातील काळ्या कसदार जमिनीत कापूस, ज्वारी आणि तूर ही परंपरागत पिके. मृगाच्या पावसानंतर पेरणी, पोळ्यापर्यंत निंदण-डवरणी, दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी, आणि त्यानंतर ज्वारीची सोंगणी व खळे, असा शेतीचा क्रम होता. या क्रमावरच सण बसविलेले होते. पोळ्याला बैलांना नदीवर किंवा नाल्यावर धुऊन सजविले जाई; दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा भरे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणत. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी आणि झुणका हा सर्वसामान्यांचा आहार होता. घरे मातीच्या भिंतींची, बांबूच्या ताट्यांची आणि कवेलूंची असत. हे सारे साहित्य गावशिवारातच मिळे आणि ते बनविणारे हातही गावातलेच असत.

नदीशी प्रत्यक्ष जोडलेल्या व्यवसायांत ढिवरांचे स्थान महत्त्वाचे होते. मासेमारी आणि पुराच्या दिवसांत डोंग्यातून उतार करणे ही त्यांची पिढीजात कामे. उन्हाळ्यात पात्र कोरडे पडू लागले की विदर्भातील नद्यांच्या वाळूत टरबूज-डांगराच्या वाड्या लावल्या जात. पाणी आटल्यावर वाळूत झिरे खोदून पिण्याचे पाणी काढण्याची रीत होती. धुणे, गुरांचे पाणी, मर्तिकानंतरची स्नाने, अस्थिविसर्जन, महाशिवरात्रीचे स्नान, या सर्वांसाठी लोक नदीवरच येत.

परंतु पाणवठा सर्वांचा असला, तरी तो सर्वांना सारखा नव्हता. गावविहिरीवर तथाकथित अस्पृश्य जातींना मज्जाव होता. नदीवरही कोणी कोठे पाणी भरावे आणि कोणी कोठे धुवावे, याचे संकेत जातीनुसार ठरलेले असत. महाड येथील चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह हा एका गावाच्या पाणवठ्याचा असला, तरी तो महाराष्ट्रातील प्रत्येक गावाच्या पाणवठ्याविषयी होता. नदीकाठच्या जीवनाचे वर्णन करताना घाट, मंदिर आणि सण यांचे चित्र रेखाटून ही बाजू सोडून दिली, तर ते चित्र अपुरे ठरते. सेवाग्रामच्या पुढील इतिहासाचा अर्थही या प्रश्नाशिवाय लागत नाही.

रेल्वे आणि नव्या शहराचा उदय :

१८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढून वर्धा जिल्हा निर्माण करण्यात आला. आरंभी जिल्ह्याचे मुख्य ठाणे पुलगावजवळील कवठा येथे होते. १८६६ मध्ये ते पालकवाडी या लहानशा खेड्याच्या जागी हलविण्यात आले आणि तेथे आखीव रस्त्यांचे वर्धा शहर वसविण्यात आले. मुंबईहून नागपूरला जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला. १८७० च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटकडे फाटा गेला. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१–६५) हिंदुस्थानच्या कापसाला परदेशी बाजारात अभूतपूर्व मागणी निर्माण केली होती. ती लाट ओसरली तरी या भागातील शेती कापसाच्या बाजाराशी कायमची जखडली गेली.

वर्ध्याला मोठी नदी नव्हती, जुने मंदिर नव्हते, गढी नव्हती. होते ते रेल्वेस्थानक, कचेरी आणि कापसाची बाजारपेठ. पवनारजवळ ते सोडून बाकी सर्व होते. नदीवर उभी राहिलेली केंद्रे मागे पडून लोहमार्गावरील केंद्रे पुढे येण्याची जी प्रक्रिया एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशभर घडली, तिचे हे एक ठळक उदाहरण आहे. कोकणातील खाडीकाठच्या बंदरांचा ऱ्हास आणि पवनारचे मागे पडणे यांमागील कार्यकारणभाव मूलतः एकच आहे. वाहतुकीचा मार्ग बदलला की वस्तीचे मोल बदलते.

याच काळात मालगुजारी पद्धतीने गावातील जमिनीचे व सामायिक साधनांचे नियंत्रण मालगुजाराच्या हाती एकवटले. कापूस गाडीने बाहेर जाऊ लागला आणि कापड गाडीने परत येऊ लागले. गावातील विणकर, पिंजारी, तेली, चांभार यांच्या कामावर त्याचा परिणाम झाला. १९३४ च्या डिसेंबरमध्ये वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली, तिला या जिल्ह्याची ही आर्थिक पार्श्वभूमी होती. कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यात चरखा हे केवळ प्रतीक नव्हते. तो स्थानिक अर्थव्यवस्थेवरचा एक प्रत्यक्ष उपायही होता.

शेगाव ते सेवाग्राम :

शेठ जमनालाल बजाज यांच्या प्रयत्नांमुळे वर्धा हे १९२० नंतर राष्ट्रीय कार्याचे केंद्र बनू लागले. त्यांच्या आग्रहावरून १९२१ मध्ये विनोबा वर्ध्यास आले. १९२८ मध्ये जमनालालजींनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी खुले केले. १९३० मध्ये साबरमती सोडलेल्या गांधीजींनी १९३४ पासून वर्ध्यात मगनवाडी येथे मुक्काम केला. मगनवाडीतील कार्यकर्त्यांनी जवळच्या सिंदी गावात ग्रामसफाई सुरू केली. महादेवभाई देसाई यांच्यासारखे कार्यकर्ते तेथे रोज मैला उचलत. गावकऱ्यांच्या सवयी त्यामुळे लवकर बदलल्या नाहीत, हा अनुभव पुढील कामाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला.

सिंदीनंतर मीराबहन शेगाव येथे राहू लागल्या आणि ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावात आले. गाव वर्ध्यापासून सुमारे आठ किलोमीटरवर होते. धड रस्ता नव्हता, पावसाळ्यात बैलगाडीही चिखलात रुतत असे. गावाच्या मालगुजारीचा मोठा हिस्सा जमनालालजींकडे होता. लोकवस्तीत बहुसंख्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींची होती. विदर्भातील संतभूमी शेगाव आणि हे शेगाव यांच्या नामसाम्यामुळे टपालात घोटाळा होऊ लागला, म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव ‘सेवाग्राम’ झाले.

आश्रमाची घरे स्थानिक साहित्यातून उभी राहिली. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू हेच ते साहित्य. आदिनिवास ही पहिली वास्तू. मीराबहन यांच्यासाठी बांधलेली कुटी पुढे गांधीजींची ‘बापूकुटी’ झाली. तिच्या भिंतींवर मीराबहन यांनी मातीतूनच ताडाची झाडे आणि चरखा उठविला आहे. बाह्यतः ही घरे गावातील घरांसारखीच होती. तथापि त्यांतील व्यवस्था गावातील नव्हती. पहाटे चारची घंटा, प्रार्थना, सामुदायिक स्वयंपाकघर, सूतकताई, वेळेचा काटेकोर हिशेब, शौचालयाची स्वच्छता, सर्व जातींचे एकत्र जेवण, या गोष्टी ग्रामजीवनातून घेतलेल्या नसून ग्रामजीवनासमोर ठेवलेल्या होत्या. आश्रमाने गावाची माती घेतली; गावाची उतरंड घेतली नाही.

येथेच ताण निर्माण झाला. गावाचा दिनक्रम ऋतूवर चालत होता, आश्रमाचा घड्याळावर. गावाचे ऐक्य जातीच्या अंतरावर उभे होते, आश्रमाचे ते अंतर नाकारण्यावर. आश्रमाची साधी राहणी ही स्वेच्छेने स्वीकारलेली होती; गावाची साधी राहणी ही दारिद्र्याने लादलेली होती. हा शेवटचा फरक मूलभूत आहे. ज्याच्याजवळ काही आहे त्याने त्याग करणे आणि ज्याच्याजवळ काहीच नाही त्याने तसेच राहणे, या दोन्ही गोष्टींना ‘साधेपणा’ हा एकच शब्द लावला जातो, तेव्हा इतिहासकाराने सावध राहणे आवश्यक ठरते.

निसर्गानेही आश्रमाला सवलत दिली नाही. हिवताप आणि विषमज्वर यांचा गावात वावर होता. १९३६ च्या सप्टेंबरमध्ये गांधीजींना स्वतःला हिवताप झाला व वर्ध्याच्या रुग्णालयात राहावे लागले. मीराबहन विषमज्वराने आजारी पडल्या. ग्रामीण आरोग्य हा सेवाग्रामच्या कार्याचा मुख्य धागा बनला, त्यामागे तत्त्वज्ञानाइतकाच हा अनुभवही होता. कुष्ठरोगी संस्कृत पंडित परचुरेशास्त्री यांना आश्रमाच्या आवारात कुटी बांधून देण्यात आली आणि गांधीजी स्वतः त्यांची शुश्रूषा करीत. रोग आणि विटाळ या दोन्हींच्या कल्पनांना ही कृती एकाच वेळी आव्हान देणारी होती.

शिक्षणाच्या क्षेत्रात २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे भरलेली परिषद आणि डॉ. झाकिर हुसेन समितीचा अहवाल यांतून ‘नई तालीम’ साकारली. हिंदुस्थानी तालीमी संघाचे केंद्र सेवाग्राम येथे होते व आर्यनायकम् दांपत्याने ते वाढविले. शेती, सूत आणि स्वयंपाक यांच्या द्वारे गणित, विज्ञान व समाज शिकविणे म्हणजे स्थानिक जीवनपद्धतीलाच पाठ्यपुस्तकाचा दर्जा देणे होय. मात्र ज्यांच्या पिढ्या हातकामातच गेल्या, अशा अनेक पालकांना मुलाने शाळेतही सूतच कातावे हे पटणे कठीण होते. त्यांना शाळा हवी होती ती त्या कामातून बाहेर पडण्यासाठी. नई तालीमच्या मर्यादांचा विचार करताना ही आकांक्षा दुर्लक्षिता येत नाही.

परमधाम : नदीकडे परतणे

सेवाग्रामचा आश्रम गावालगत उभा राहिला, तर विनोबांचा आश्रम नदीच्या काठी. १९३८ मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव विनोबा पवनार येथे धाम नदीच्या पलीकडील जमनालालजींच्या बंगल्यात राहावयास आले. धामच्या पलीकडचे म्हणून त्या स्थानास ‘परमधाम’ हे नाव मिळाले. तेथील जमीन खोदताना प्राचीन शिल्पे सापडली. त्यांतील भरत-राम भेटीची मानली जाणारी मूर्ती आश्रमात स्थापन करण्यात आली. वाकाटककालीन नगर आणि विसाव्या शतकातील आश्रम यांची गाठ अशी प्रत्यक्ष कुदळीच्या टोकावर पडली.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ पवनार येथून केला. रेल्वेने मागे टाकलेले गाव त्या दिवशी देशभरातील वृत्तपत्रांत आले. १९५० च्या सुमारास येथे कांचनमुक्ती आणि ऋषिशेतीचे प्रयोग झाले. पैशाचा आणि बैलांचाही आधार न घेता केवळ मानवी श्रमावर शेती करण्याचा तो प्रयत्न होता. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या ब्रह्मविद्या मंदिराने स्त्रियांच्या सामूहिक साधनेची व स्वावलंबी जीवनाची परंपरा निर्माण केली. नदीकाठच्या गावात स्त्रीचा दिवस पाणी आणण्यात आणि धुण्यात जात असताना, त्याच काठावर स्त्रियांनी स्वतःच्या निर्णयाने चालविलेला आश्रम उभा राहणे ही सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने दखलपात्र घटना आहे.

गांधीजींच्या अस्थींचा काही भाग १२ फेब्रुवारी १९४८ रोजी धाम नदीत विसर्जित करण्यात आला. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी येथे सर्वोदय मेळा भरत आला आहे. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी विनोबांचे देहावसान झाले व याच काठावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. अस्थिविसर्जन, जत्रा, काठावरील अग्निसंस्कार या मूळच्या नदीकाठच्या रीती. नव्या विचाराने त्या मोडल्या नाहीत, तर त्यांतूनच आपले स्मरण घडविले. सेवाग्रामच्या तुलनेत पवनार येथे लोकपरंपरा व आश्रम यांचा मेळ अधिक सहज बसला असेल, तर त्यामागे नदीचे हे सामायिक स्थान कारणीभूत असावे.

स्वातंत्र्योत्तर स्थित्यंतरे :

गांधीजी ऑगस्ट १९४६ मध्ये सेवाग्रामहून निघाले ते परतले नाहीत. मार्च १९४८ मध्ये सेवाग्राम येथे भरलेल्या संमेलनातून सर्वोदय समाजाची कल्पना पुढे आली. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातील गावागावांत, वर्धा जिल्ह्यातही, बौद्ध समाजाची नवी अस्मिता उभी राहिली. पाणवठ्याच्या प्रश्नाला आश्रमाने हृदयपरिवर्तनाचे उत्तर दिले होते. दलित समाजाने आपले उत्तर हक्काच्या आणि धर्मांतराच्या मार्गाने शोधले. सेवाग्राम परिसराच्या इतिहासात ही दोन्ही उत्तरे शेजारी ठेवूनच वाचावी लागतात.

आरोग्यकार्याची परंपरा मात्र खंड न पडता वाढली. डॉ. सुशीला नय्यर यांच्या पुढाकाराने कस्तुरबा रुग्णालयाचा विस्तार झाला आणि १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. येथील विद्यार्थ्यांना खेड्यात राहून शिबिराद्वारे ग्रामजीवनाचा परिचय करून घ्यावा लागतो. पुढे गावकऱ्यांनी ज्वारीच्या रूपाने वर्गणी देऊन आरोग्य विम्यात सहभागी होण्याची योजनाही राबविली गेली. खळ्यावरचे धान्य हेच चलन मानणारी ही योजना स्थानिक व्यवहार समजून घेतल्याचे उत्तम उदाहरण ठरते. बुनियादी शाळा काही दशके बंद राहिल्यानंतर २००५ मध्ये ‘आनंद निकेतन’च्या रूपाने नई तालीमचे काम पुन्हा सुरू झाले.

दुसरीकडे, कापसाच्या शेतीवरील संकट गडद झाले. २००६ मध्ये केंद्र शासनाने शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत वर्धा जिल्हाही होता. ज्या भूमीत ग्रामस्वराज्याचा विचार मांडला गेला, तेथील शेतकऱ्याचे ऋण आणि बाजारावरील अवलंबन सुटले नाही, ही वस्तुस्थिती अभ्यासकाला अस्वस्थ करणारी आहे. आश्रम आदरणीय राहिला. कापसाचा भाव मात्र आश्रमाच्या हाती कधीच नव्हता.

धाम नदीही बदलली आहे. वरच्या भागात धरण झाल्याने तिचा प्रवाह नियंत्रित झाला. वर्धा शहराला पिण्याचे पाणी याच नदीतून मिळते. म्हणजे ज्या शहराने नदीकाठच्या नगराला मागे टाकले, ते शहर आज त्याच नदीचे पाणी पिते. पवनार येथे मूर्तिविसर्जनासाठी गर्दी होते. सेवाग्राम विकास आराखड्यातून काठाचे सुशोभीकरणही झाले आहे. घाट पर्यटकांसाठी सुबक होत असताना झिरे, डोंगे आणि पात्रातील वाड्या यांची ओळख मात्र नव्या पिढीला उरलेली नाही.

निष्कर्ष :

१) पवनारचा उदय नदीमुळे झाला व त्याचे मागे पडणे लोहमार्गामुळे घडले. वाहतूक व प्रशासन यांतील बदल हे वस्तीच्या चढउतारांचे मुख्य कारण होते.

२) स्थानिक जीवनपद्धती ऋतुचक्र, गावशिवारातील साहित्य आणि पाणवठा यांवर उभी होती, परंतु हा पाणवठा जातिभेदाने विभागलेला होता. तिचे गौरवीकरण करताना हे विसरता येणार नाही.

३) सेवाग्राम आश्रमाने ग्रामजीवनातील साधने स्वीकारली व उतरंड नाकारली. त्यामुळे आश्रम हे गावाचे प्रतिबिंब नसून गावाशी चाललेला एक संवाद होता. तो आरोग्याच्या क्षेत्रात सर्वाधिक फलद्रूप झाला, शिक्षणात अंशतः झाला आणि शेतीच्या अर्थकारणात अपुरा राहिला.

४) पवनार येथे लोकपरंपरेतील नदीविषयक आचार आणि सर्वोदय विचार यांचा समन्वय घडून आला.

५) या परिसराचा वारसा कुटी व स्मारके यांपुरता सीमित नाही. नदी, तिच्यावर जगणारे समाज आणि त्यांचे पारंपरिक ज्ञान हाही त्या वारशाचाच भाग आहे. वृद्ध पिढीच्या मौखिक साक्षी अद्याप उपलब्ध आहेत, तोवर त्यांचे संकलन होणे अगत्याचे आहे. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे काम विद्यार्थ्यांच्या साहाय्याने हाती घेतल्यास धामकाठच्या इतिहासाचे आज मोकळे असलेले पान भरून निघू शकेल.